बचावपटूंचं दार

बर्फावरच्या हॉकीत खेळाडूंच्या बाकाला दोन दारं असतात. एक आघाडीच्या खेळाडूंचं, दुसरं बचावपटूंचं. खेळ चालू असतानाच खेळाडू बदलत राहतात. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं, धापा टाकत बाकाकडे यायचं, की त्याच दारातून दुसरा बाहेर. ते दार आतून कुणीतरी वेळेवर उघडावं लागतं. उशीर झाला तर खेळाडू फळीवर आदळतो. लवकर उघडलं तर उघड्या कडेवर कुणीतरी बरगड्या मोडून घेतो. आमच्या शेजारच्या गावातल्या एका लहान क्लबात बचावपटूंचं दार दहा वर्षं मी उघडत होतो.

हा खेळ माझ्या रक्तात असण्याचं काही कारण नव्हतं. मी मराठवाड्यातला. मुलगी आठ वर्षांची असताना इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून तिला स्केटिंगला घेऊन जायचो आणि कुडकुडत बसून राहायचो. एकदा तिथला एक म्हातारा म्हणाला, नुसता बसलायस तर हे दार धर. धरलं. मुलीनं पुढे स्केटिंग सोडलं, मी दार सोडलं नाही. शनिवारी संध्याकाळी वीस धिप्पाड माणसं मला 'डोअर्स' अशी हाक मारायची आणि मी नसलो तर त्यांचं अडायचं. ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या कामातले दोष शोधून ते नीट लिहून देणं हा माझा व्यवसाय. तिथे मी नसलो तर कुणाचं फार अडत नाही.

तो आमच्याकडे राहायला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. रशियातल्या एका पोलादाच्या कारखान्याच्या गावात आजोबांजवळ वाढलेला, सहा फूट तीन इंच उंच, बचावपटू. आई एडिनबराला एका हॉस्पिटलमध्ये नर्स. अठरा पूर्ण व्हायच्या आत तिनं त्याला आपल्याकडे आणलं आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका मोठ्या क्लबानं त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं, अगदी शेवटच्या फेरीत. ड्राफ्ट म्हणजे करार नव्हे. ठरावीक मुदतीत त्याला करार देण्याचा हक्क फक्त त्या क्लबाचा, एवढाच त्याचा अर्थ. मुदत संपेपर्यंत करार आला नाही तर निवड रद्द. मग तो जगातल्या इतर हजारो उंच मुलांपैकी एक.

मुदतीचं शेवटचं वर्ष त्यानं मोठ्या माणसांत खेळून काढावं असं तिकडे ठरलं. आमच्या क्लबाला बचावपटू हवाच होता आणि आमच्या मुलीची खोली रिकामी होती. ती त्याच वर्षी एडिनबराला युनिव्हर्सिटीत गेली होती. फोनवर आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, माझा खोलीत तो काय काय लावणार? भिंतीला ब्लू टॅक नको, पेंट निघतो. आणि माझा पुस्तकं हलवायचे नाहीत हं."

त्यानं एकच कागद लावला, तोही कपाटाच्या आतल्या बाजूला. अमेरिकेच्या क्लबानं दिलेला त्याच्या विकासाचा आराखडा. पहिलं वर्ष: वजन वाढवणे, उलट्या दिशेनं स्केटिंग. दुसरं वर्ष: अंगावर माणूस आला असताना पहिला पास. तिसऱ्या वर्षासमोर फक्त एक ओळ होती: मोठ्यांत टिकतो का ते पाहणे. तिच्याखाली त्यानं पेन्सिलनं रशियनमध्ये काहीतरी लिहिलं होतं. काय ते मी विचारलं तर म्हणाला, "टिकतो."

तो आमच्या घरात फार लवकर मिसळला. विहाराच्या कार्यक्रमात सगळी तरुण मंडळी माझ्या बायकोला ताई म्हणतात, म्हणून तोही ताई म्हणू लागला. वरणभातावर, पोह्यांवर, बटाट्याच्या भाजीवर, सगळ्यावर तो दही घ्यायचा. बायको म्हणायची, "याच्यासाठी आता बादलीतच विरजण लावते." त्याला ते इंग्रजीत सांगितलं की तो गंभीरपणे म्हणायचा, "मोठी बादली, ताई." रविवारी हॉल भाड्यानं घेऊन आमची वंदना होते, ती बायको घेते. तिथे तो खुर्च्या मांडायला यायचा. एका हातात चार चार खुर्च्या. वंदना सुरू झाली की मागे शांत बसून राहायचा.

सप्टेंबरात अमेरिकेचा एक माणूस आला. क्लबानं निवडलेल्या तरुण बचावपटूंची प्रगती पाहणं हे त्याचं काम. सामन्याला तो माझ्या दारामागे उभा होता. सामना संपल्यावर त्यानं मला विचारलं, "तुला काय दिसलं?"

मला आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, त्याच्या उजव्या बाजूनं मागे गेला की तो खांद्यावरून वळून बघत नाही, अंदाजानं जातो. डावीकडून गेला तर बघतो. त्या माणसानं वही काढून ते लिहून घेतलं. मग म्हणाला, आठवड्याला एक मेल पाठवशील का? बर्फावरचं, घरातलं, झोप, जेवण, मूड, जे दिसेल ते. "फक्त माझ्यासाठी. त्याला सुधारायला मदत व्हावी म्हणून. करार ठरवणारी माणसं वेगळी, त्यांच्याकडे यातलं काही जात नाही. आता तू आमच्या स्टाफपैकीच आहेस."

माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. आमच्या वस्तीतले पहिले. ते सांगायचे, "तोंडी बोलू नकोस. आपल्या माणसाचं तोंडी कुणी धरत नाही. लेखी दे, खाली तारीख घाल, पोच घे." त्या शिकवणीवर आम्ही भावंडं शिकलो, नोकऱ्यांना लागलो, मी इथवर आलो. लिहून दिलेल्याला किंमत असते आणि जो मागतो त्याला खरं लिहून द्यावं, यात धोका असू शकतो हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. अडचण कायम उलटी होती. आमचं लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं. आता महासागरापलीकडचा एक जाणकार माणूस माझं लिहिलेलं वाचत होता. तिसऱ्या मेलला त्याचं उत्तर आलं: तुझी नजर उत्तम आहे. ऑफिसात मी ते उत्तर पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं.

मुलाला मी अर्धंच सांगितलं. "तो कधीमधी विचारतो, मी सांगतो." दर आठवड्याला दीड पान जातं हे सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

डिसेंबरात, आमच्याच रिंकवर, दुसऱ्या सत्रात तो कोपऱ्यातून पक काढत होता. उजव्या बाजूनं. मागून आलेल्या खेळाडूनं त्याला खांद्यानं काचेवर दाबलं आणि त्याचं डोकं दोनदा आपटलं, आधी काचेवर, मग बर्फावर. तो लगेच उठला. दाराशी आला, मी दार उघडलं, तो बसला. मग माझ्याकडे बघून रशियनमध्ये काहीतरी बोलला. मी म्हटलं, "काय?" तो थोडा वेळ थांबला आणि इंग्रजीत म्हणाला, "आपला गोल कुठला?"

त्याची पाळी आली. तो उभा राहिला. मी दार उघडलं.

घरी आल्यावर त्यानं स्वयंपाकघरातला दिवा बंद करायला सांगितला. बायको विहाराच्या मीटिंगला गेली होती. त्याला ताट दिलं, तो नुसता बसून राहिला.

"डोकं?" मी विचारलं.

"थोडं."

"उद्या फिजिओला सांगू."

"नाही." त्यानं माझं मनगट धरलं. "ऐक. गुडघा मोडला तर लिहितात, बरा झाला. डोकं लिहिलं की ते कायम लिहिलेलं राहतं. माझ्याकडे किती महिने आहेत? दहा दिवसांत मी ठीक. कुणाला सांगू नकोस. कुणालाच."

"बरं," मी म्हटलं.

"कुणालाच नाही, डोअर्स."

"बरं म्हटलं ना."

पुढचे सामने तो खेळला. प्रशिक्षकाला सांगितलं, पोट बिघडलंय म्हणून जरा मंद आहे. दाराशी यायचा तेव्हा त्याचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. घरी खोलीचे पडदे ओढलेले. दह्याचं भांडं तसंच राहायला लागलं. बायको म्हणाली, "याला घरची आठवण येतेय का हो?" मी म्हणालो, असेल. आणि शनिवार आला की मी दार उघडायचो.

मग एका रविवारी वंदनेहून आल्यावर मी सगळं लिहिलं. अमेरिकेला. कोपऱ्यातला फटका, गोल कुठला हा प्रश्न, बंद दिवा, पडदे, पोटाचं खोटं कारण, आणि त्यानं माझ्याकडून घेतलेलं वचनसुद्धा. त्या दिवशी सकाळीच नेहमीप्रमाणे पंचशील म्हटलं होतं. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, हे चौथं शील. दर आठवड्याच्या मेलमध्ये 'झोप ठीक, जेवण ठीक' असं लिहिणं आता मला जमेना. शील पाळलं म्हणून माझं मन हलकं झालं. उत्तर आलं दोन शब्दांचं: नोंद घेतली.

पुढच्या आठवड्यात मी मेल पाठवला, त्याला उत्तर नाही. त्यापुढच्यालाही नाही. मी समजत राहिलो की माणूस कामात असेल.

जानेवारीच्या शेवटी मुलगा आपोआप बरा झाल्यासारखा दिसायला लागला. निदान मला दिसायला लागला. मार्चमध्ये तर तो फार सुरेख खेळला. एकदा उजव्या खांद्यावरून वळून बघून त्यानं असा पास दिला की माझ्या शेजारी बसलेला आमचा जुना बचावपटू म्हणाला, "हा इथे काय करतोय आपल्यात?"

एप्रिलमध्ये एका दुपारी तो स्वयंपाकघरात आला. बायको पोळ्या लाटत होती, मी टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. त्याच्या हातात फोन होता. करार देणार नाही असं कळल्यावर त्याचा एजंट तिकडच्या क्लबाशी भांडला होता, कारण विचारत होता, आणि त्यांनी आपली फाईलच पाठवून दिली होती. त्यानं उभ्यानं वाचायला सुरुवात केली. माझं इंग्रजी त्याच्या उच्चारात.

"'जेवणानंतर तो आईला फोन करतो आणि पंधरा मिनिटं गप्प असतो. मला वाटतं ती त्याच्यावर दबाव आणते.' ऑक्टोबर." अंगठ्यानं त्यानं स्क्रीन सरकवली. "'मित्र कमी. एकटा राहतो.' नोव्हेंबर. 'त्यानं मला वचन द्यायला लावलं की मी कुणाला सांगणार नाही.'" तो थांबला. "कुणाला सांगणार नाही, हे तू कुणाला सांगतोयस?"

बायकोचं लाटणं थांबलं.

मी म्हणालो, "ते फक्त त्याच्यासाठी होतं. तो म्हणाला होता, करारवाल्यांकडे जाणार नाही."

"त्यानं तुला शब्द दिला. मीही तुझ्याकडून शब्द घेतला होता. तूही 'बरं' म्हणाला होतास."

"मला तुझ्या डोक्याची काळजी वाटत होती."

हे मी बोललो. आजही ते वाक्य आठवलं की तोंडात कडू होतं. त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "फिजिओ कुठे उभी असते?"

मी लॅपटॉप मिटला.

"तुझ्या दारापासून दहा पावलं. काळजी होती तर दहा पावलं जायचं. तिनं मला बसवलं असतं. मी तुझ्यावर ओरडलो असतो, एक महिना बोललो नसतो. तू अमेरिकेला लिहिलंस. आणि शनिवारी मला दार उघडलंस."

बॅग भरायला त्याला अर्धा तास लागला. बायको त्याला स्टेशनवर सोडायला गेली. मला गाडीत बसू दिलं नाही.

परत आल्यावर अर्धवट राहिलेल्या पोळ्या तिनं भाजल्या. मग म्हणाली, "मी त्याला जेवायला वाढत होते आणि तुम्ही त्याच्या नोंदी ठेवत होता. माझ्या टेबलावर बसून."

"मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही."

"शील नका सांगू मला. सम्यक वाचा माहीत आहे ना? खोटं नको, तसंच चहाडी नको, त्याच यादीत आहे. दर पौर्णिमेला मी तेच वाचून दाखवते, तुम्ही पहिल्या रांगेत बसून मान हलवता." ती तवा उतरवत म्हणाली, "वडिलांनी लेखी द्यायला शिकवलं ते वरच्यांनी आपल्याला फसवू नये म्हणून. वरच्यांना आपल्यातलं माणूस लिहून द्यायला नव्हे."

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात माझा सगळा राग अमेरिकेतल्या त्या माणसावर गोळा झाला. त्यानं मला शब्द दिला होता. 'फक्त माझ्यासाठी' असं म्हणाला होता, आणि माझ्या नाव-पत्त्यासकट सगळं फाईलला लावून मोकळा झाला. मी वापरला गेलो, ही भावना फार उबदार असते. तिच्यात बसून राहता येतं. मी त्याला लांबलचक मेल लिहिला. विश्वासघात हा शब्द मी त्यात दोनदा वापरला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. नम्र होतं. माझी नाराजी त्याला समजत होती. क्लबाचं धोरण त्याच्या हातात नव्हतं. माझ्या निरीक्षणांनी त्यांना एक अवघड निर्णय वेळेत घेता आला, त्याबद्दल आभार. आणि शेवटी: पुढच्या मोसमात त्यांचा आणखी एक तरुण बचावपटू इंग्लंडमध्ये खेळणार होता, आमच्यापासून तासाभरावर. माझी नजर त्यांना उपयोगी पडेल. विचार करशील का?

नाही असं मी लिहिलं, पण दोन दिवसांनी. हा सगळा मजकूर मी त्या दोन दिवसांसाठी लिहितो आहे. पहिल्या दिवशी मी नकाशावर ती रिंक शोधली. कुठल्या रस्त्यानं जावं ते पाहिलं. मला बरं वाटलं होतं. मुलगा एडिनबराला अंधाऱ्या खोलीत पडून होता, त्याचं डोकं पुन्हा दुखायला लागलं होतं हे मला बायकोकडून कळलं होतं, आणि मला कुणीतरी विचारलं याचं बरं वाटत होतं. तेव्हा मला कळलं की डिसेंबरातही असंच झालं होतं. त्याच्या डोक्याबद्दल मला जे दिसलं ते मला कुणाला तरी दाखवायचं होतं. फिजिओला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरं, आणि टॉर्च घेऊन त्याच्या डोळ्यांकडे वळली असती. माझ्या नजरेचं कौतुक तिनं केलं नसतं.

क्लबात जाऊन मी दार सोडत असल्याचं सांगितलं. कारणही सांगितलं, फिजिओसमोर. ती उठून खोलीबाहेर गेली.

जूनमध्ये मुलीचं सामान आणायला एडिनबराला जायचं होतं. बायकोनं त्याच्या आईला आधी फोन करून विचारलं, हे आले तर चालेल का. आई म्हणाली, येऊ दे, मला काम आहे त्यांच्याकडे.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. आई ड्यूटीच्या कपड्यांतच होती, उंच, थकलेली. मी जिन्यात चार वाक्यं पाठ केली होती. पहिलं म्हणालो तेवढ्यात तिनं हात वर केला.

"ते नंतर. डॉक्टरांना हिशेब हवाय. फटका कधी बसला, त्यानंतर लगेच काय झालं, पुढे किती सामने खेळला, कुठल्या सामन्यात पुन्हा आपटला. त्याला नीट आठवत नाही. तुम्हाला आठवतं. तुम्ही लिहिता, असं ऐकलंय."

तिनं माझ्यासमोर कागद आणि पेन ठेवलं. जेवणाच्या टेबलाशी बसून मी लिहायला लागलो. पलीकडच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि आत पडदे ओढलेले होते. तो आत आहे हे मला कळत होतं. डिसेंबरातला कोपरा, दोनदा आपटलेलं डोकं, रशियनमध्ये बोलला ते, गोल कुठला ते. त्या सामन्यात पुढे किती पाळ्या खेळला. तारखा मला पाठ होत्या. माझ्या कामाच्या सवयीनं मी सगळं क्रमानं लिहिलं. आई माझ्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती, मध्येच एखादा शब्द विचारत होती.

"त्यानंतर वर्ष संपेपर्यंत विश्रांती न घेता किती सामने?" तिनं विचारलं.

मी मनात मोजले. शनिवार, रविवार, शनिवार, नाताळनंतरचा एक.

"चार," मी म्हटलं आणि तसं लिहिलं.

आतून आवाज आला. दोन महिन्यांनी मी त्याचा आवाज ऐकत होतो.

"पाच."

मी थांबलो. आईनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बुधवारी एक होता," तो आतून म्हणाला. "बाहेरगावी. दार तूच उघडलंस."

मी चार खोडून पाच केलं.